डावं पान

माझा नवरा एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवायचा आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग घ्यायचे. आमचं लग्न काही ठरवून झालेलं नव्हतं. दोघंही एकाच वसाहतीत वाढलो. बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाचा पडदा रंगवताना ओळख झाली, आणि पुढे मी त्याला अरे-तुरेच करत राहिले. सासूबाईंना ते शेवटपर्यंत रुचलं नाही.

लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही मिळून लहान मुलांसाठी पुस्तकं करायला लागलो. वर्गात वाचून दाखवाव्यात अशा गोष्टी मला दुकानात मिळत नव्हत्या. मिळायच्या त्यांत राजे, पऱ्या आणि शेवटी उपदेश. म्हणून मी लिहायचे आणि तो जलरंगात चित्रं काढायचा. पुण्याच्या एका छोट्या प्रकाशनाने पहिलं पुस्तक काढलं, मग दुसरं, तिसरं. त्यातून आमचं काही फार नाव झालं नाही, पण आश्रमशाळांत आणि वाचनालयांत पुस्तकं पोचली. एकदा पेठ तालुक्यातल्या एका शाळेत आमचं पुस्तक दिसलं. हाताळून हाताळून त्याची पानं कापडासारखी मऊ झाली होती. परत येताना तो गाडीत एक शब्द बोलला नाही. आनंद झाला की तो असाच गप्प व्हायचा.

शेवटचं पुस्तक धुक्याचं होतं. घाटाजवळच्या एका वाडीतली मुलगी, तिची शेळी धुक्यात हरवते, मुलगी शोधायला निघते. घर दिसेनासं होतं, मग विहीर, मग झाड, मग तिचे स्वतःचे पाय. अशी साधी गोष्ट. ती मी त्याच्यासाठीच लिहिली होती, कारण धुकं काढायला त्याला फार आवडायचं. जलरंगात पांढरा रंग नसतो, निदान त्याच्या पॅलेटवर तरी कधी नव्हता. पांढरं हवं असेल तिथे कागद कोरा सोडायचा. काय काढायचं हे कोणालाही कळतं, कुठे थांबायचं ते कळायला वर्षं जातात, असं तो मुलांना सांगायचा.

त्या पावसाळ्यात आम्ही दोनदा इगतपुरीकडे जाऊन आलो. भातखाचरांच्या कडेला तो छत्री खांद्याला अडकवून उभा राहायचा आणि नुसतं बघायचा. एक बाई म्हशी घेऊन चालली होती, ती थांबली.

"काय बगताय?" तिने विचारलं.

"धुकं बघतोय," तो म्हणाला.

"त्यात काय बगायचं? काय दिसतंय का त्यात?" ती म्हणाली. "लय वंगाळ हाय. जनावर समोर असलं तरी गावत नाय."

त्याने ते वाक्य मला लगेच लिहून घ्यायला लावलं. पुस्तकात ते मुलीच्या आईच्या तोंडी आहे.

घरी आल्यावर त्याने सगळ्या पुस्तकाचा कच्चा आराखडा केला. आगपेटीएवढ्या चौकटींत एकेक जोडपान. पुस्तक उघडल्यावर डावं आणि उजवं पान मिळून जे सलग चित्र दिसतं, त्याला आम्ही जोडपान म्हणतो. पुण्याच्या संपादक बाईंना आराखडा पसंत पडला. पहिली तीन जोडपानं त्याने सप्टेंबरात रंगवलीही. चौथ्याचा कागद भिजवून बोर्डावर ताणून ठेवला होता, आणि त्या दिवशी शाळेत आठवीच्या वर्गात फळ्यासमोर तो खाली बसला तो उठलाच नाही.

मेंदूच्या उजव्या बाजूला रक्तस्राव झाला होता. डावा हात, डावा पाय गेला. बोलणं मात्र शाबूत होतं, आणि उजवा हातही. दवाखान्यात त्याने शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा उजव्या हाताची बोटं एकेक करून हलवली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "वाचलो."

मलाही तसंच वाटलं. भेटायला येणारे सगळे तेच म्हणायचे. चित्रकाराचा उजवा हात राहिला, यापेक्षा आणखी काय हवं.

गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी त्याला आणलं तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. घरी काही गोष्टी विचित्र व्हायला लागल्या, पण मी त्या आजारपणाच्या खात्यावर टाकत गेले. तो जेवायला बसला की ताटातलं डावीकडचं तसंच राहायचं. "आज लोणचं नाही का?" म्हणून विचारायचा आणि लोणचं समोर असायचं. दाढी करायचा ती अर्ध्याच गालाची. व्हीलचेअरवरून जाताना डावा हात दाराच्या चौकटीवर आपटायचा, सालटं निघायची, त्याला पत्ताच नसायचा. मी त्याच्या डाव्या हाताला बसून बोलले तर उत्तर यायचं नाही, किंवा उत्तर द्यायचा तो समोरच्या भिंतीकडे बघून. मला वाटायचं, थकलाय.

नोव्हेंबराच्या शेवटी तो म्हणाला, "कागद ताणून दे."

मी दिला. पॅलेट, पाण्याची दोन भांडी, जुन्या बनियनचे तुकडे, सगळं उजव्या हाताशी मांडलं. आराखड्याची चौकट बोर्डाला चिमट्याने लावली. त्याने ओल्या कागदावर निळा आणि तपकिरी मिसळून केलेला करडा रंग सोडला, आणि तो पसरायला लागला तसा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हात अजिबात बिघडला नव्हता. मुलगी काठी घेऊन वाटेवर उभी, तिची ओढणी वाऱ्याने उडालेली. ती उजव्या पानावर होती. डावं पान पूर्ण पांढरं.

मी थक्क झाले. आराखड्यात तिथे विहीर होती, कडेला एक झाड होतं. ते सगळं त्याने काढून टाकलं आणि नुसतं धुकं ठेवलं, असं मला वाटलं. फोनवर फोटो काढून मी संपादक बाईंना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला.

"ताई, काय धाडस आहे सरांचं," त्या म्हणाल्या. "अख्खं पान कोरं. मुलं थबकतील त्या पानावर."

मी त्याला सांगितलं. त्याला नीट कळलं नाही. "कोरं कुठे?" तो म्हणाला आणि पुढचा कागद मागितला.

पुढचं जोडपान घरातलं होतं. मुलीची आई चुलीपुढे बसून वाट बघते आहे. त्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा चित्र वाळत ठेवलं होतं. आई चित्राच्या बरोबर मधे होती. उजव्या बाजूला चूल, जाळ, भिंतीतलं फडताळ, सगळं उत्तम. आईचा उजवीकडचा अर्धा चेहरा होता. एक डोळा, एका कानात कुडी, नाकाची अर्धी बाजू, अर्धे ओठ. मग चेहरा संपला होता. डाव्या बाजूला खांदा नव्हता, हात नव्हता, भिंत नव्हती. तव्याचीही अर्धीच चकती होती, सुरीने कापल्यासारखी.

घरात धुकं कुठून येणार?

मी चप्पलही न काढता त्याच्याशेजारी बसले.

"हिचा हा डोळा राहिलाय," मी म्हणाले.

"कुठला?"

"हा. इकडचा."

मी कागदावर बोट ठेवलं. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, मनगटापर्यंत. बोट कुठे आहे ते त्याला दिसलं की नाही, कोणास ठाऊक.

"दोन्ही आहेत की."

"एकच आहे रे."

"अगं दोन आहेत. चष्मा लाव तू."

तो चिडला नव्हता. मी काहीतरी खुळ्यासारखं बोलते आहे, अशा मायेने म्हणाला.

डॉक्टरांना मी चित्राचा फोटो दाखवला. तरुण डॉक्टर होते. त्यांनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. मग कागदावर एक गोल काढून त्याला घड्याळ करायला सांगितलं. त्याने बारापासून सहापर्यंतचे आकडे सुबक काढले आणि पेन खाली ठेवलं.

नंतर मला बाजूला घेऊन डॉक्टर म्हणाले, "डोळ्यांत काही दोष नाही. मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नाहीये. आणि दखल घेत नाहीये हे त्यांना कळतही नाही. तुमच्या-माझ्या पाठीमागे काय आहे ते आपल्याला दिसत नाही, पण म्हणून आपल्याला काही हरवलंय असं वाटतं का? तसं आहे हे."

"बरं होईल?"

"बऱ्याच जणांचं सुधारतं. काही महिने द्या."

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी घरी यायची. तिने मला उपाय शिकवला. कागदाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावायची आणि काम सुरू करण्याआधी त्याला सांगायचं, लाल पट्टी दिसेपर्यंत मान वळवा. ताटाच्या डाव्या कडेलाही लाल टिकली लावली. दाराच्या डाव्या चौकटीवर लाल पट्टी. आमचं घर एखाद्या बालवाडीसारखं दिसायला लागलं. तो मान वळवायचा, कधी अर्ध्यापर्यंत, कधी थोडी पुढे, आणि "दिसली" म्हणायचा. मला खूश करण्यासाठीच म्हणायचा, असं मला वाटतं. चित्रं तशीच अर्धी होत राहिली. शेळी आली ती मागच्या दोन पायांची. झाड आलं ते एका बाजूच्या फांद्यांचं. आणि जे होतं ते इतकं चांगलं होतं की नुसता उजवा भाग झाकून बघितला तरच जीवाला धक्का बसायचा.

जानेवारीत संपादक बाई पुण्याहून आल्या. मी त्यांना खरं सांगितलं होतं, त्यामुळे त्या तयारीने आल्या होत्या, तरीही सगळी जोडपानं जमिनीवर मांडल्यावर त्या पदराने तोंड झाकून उभ्या राहिल्या. तो उत्साहात होता.

"कसं वाटतंय?" त्याने विचारलं.

"सर, रंग फार सुंदर आलेत," त्या म्हणाल्या. ते खोटं नव्हतं.

नंतर स्वयंपाकघरात त्या हळूच बोलल्या. पुस्तक शाळांच्या वाचनालयांसाठी निघणार होतं, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत छापून हवं होतं. ते अर्धवट सोडून द्यायचं त्यांच्याही मनात नव्हतं. डावी पानं कोणाकडून तरी भरून घेता येतील का, असं त्यांनी विचारलं. त्याच्या हाताची सवय असलेलं कोणी.

असं एकच माणूस होतं. त्याची जुनी विद्यार्थिनी. नववीत असताना तिने त्याच्या मागे लागून जलरंग शिकून घेतले होते, पुढे कला महाविद्यालयात गेली, आता शहरातच एका जाहिरातीच्या ऑफिसात होती. तिच्या घरची मखमलाबादकडे फुलशेती, झेंडू आणि शेवंती. दसऱ्याला ती दरवर्षी टोपली भरून फुलं आणून द्यायची. मी तिला विचारलं तेव्हा तिने आधी चित्रं बघायला मागितली. बघून झाल्यावर म्हणाली, "सरांना विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही."

आम्ही त्याला विचारलं. दोघी त्याच्या उजव्या बाजूला बसलो होतो.

"सर, डावीकडचं थोडं राहिलंय," ती म्हणाली. "तुमच्या आराखड्यावरून मी करू का?"

"कर की," तो म्हणाला. "बारीकसारीक काही राहिलं असेल तर भरून टाक. मला आता पहिल्यासारखं तासन्‌तास बसवत नाही."

"बारीकसारीक नाही रे," मी म्हणाले. "डावं पान पूर्ण राहिलंय. सगळीकडे."

"बरं," तो म्हणाला, आणि तिच्या ऑफिसची चौकशी करायला लागला.

ती दर रविवारी सकाळी यायची. खिडकीपाशी दुसरं टेबल मांडलं, ते त्याच्या डाव्या हाताला आलं, कारण उजेड तिथेच होता. तो आपलं पुढचं चित्र करत असायचा आणि ती त्याची आधीची पुरी करत असायची. एका खोलीत, चार हातांच्या अंतरावर. ती मुद्दाम वाकून त्याच्या समोर येऊन नमस्कार करायची, मग आपल्या जागी जाऊन बसायची. ती जागेवर गेली की त्याच्या लेखी खोलीतून गेली.

एका रविवारी मी त्याला चहा द्यायला गेले तर तो मला म्हणाला, "त्या मुलीला बोलवायला नको होतं आपण."

ती तिथेच होती. ब्रश पाण्यात बुडवत होती.

"का?" मी म्हणाले.

"हात जड आहे तिचा. शाळेत होती तेव्हाही होता. ओल्या कागदावर रंग सोडून द्यायचा असतो, ती त्यात पुन्हा ब्रश घालते. मग चिखल होतो सगळा. तिच्या धुक्यात ओल नसते, धूर वाटतो तो."

"हळू बोल," मी म्हणाले.

"हळू कशाला? कोण आहे इथे?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही. तिने बुडवलेला ब्रश कापडावर टिपला, आणि समोरच्या ओल्या कागदाला पुन्हा हात न लावता तशीच बसून राहिली. रंग आपोआप पसरत गेला. जाताना दाराशी मी तिची माफी मागायला लागले तर ती म्हणाली, "मॅडम, सर खरं बोलले. मला तोंडावर कधी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं." मग चपला घालता घालता तिला रडू आलं. "पण मी दिसत नाही त्यांना, हे मला सहन होत नाही."

पुढच्या रविवारी ती येणार नाही असं मला वाटलं होतं. ती आली. त्यानंतरची तिची पानं खरोखरच वेगळी झाली. कुठे उजवं पान संपतं आणि कुठे डावं सुरू होतं, ते मलाही सांगता येईना. विहीर आली, झाडाच्या दुसऱ्या बाजूच्या फांद्या आल्या, शेळीला तोंड आलं. आईचा दुसरा डोळा तिने सगळ्यात शेवटी काढला.

याच महिन्यांत तो सुधारायलाही लागला. हे सगळं एकत्रच घडत होतं. काठी घेऊन तो गॅलरीपर्यंत चालू लागला. एक दिवस ताटातली डावीकडची कोशिंबीर आपणहून संपवली. व्यायाम घेणाऱ्या मुलीने टाळ्या वाजवल्या. एक दिवस दाढी पूर्ण झाली, दोन्ही गालांची. आम्ही एवढ्या तेवढ्या गोष्टींनी हरखून जायचो. मी लेकीला फोन करून सांगायचे, आज बाबांनी डावी चप्पल स्वतः शोधली. ती हैदराबादला असते, तिला वाटायचं मी उगाच चांगलं चांगलं सांगते. पण ते खरं होतं. त्याची डावी बाजू परत येत होती.

मार्चमध्ये सगळी जोडपानं पुण्याला पाठवायची होती. शनिवारची सकाळची शाळा करून मी घरी आले होते. चित्रं एकावर एक ठेवून मधे बटरपेपर घालत होते. सर्वात वरचं चुलीपुढच्या आईचं होतं. तो माझ्या उजवीकडे टेबलाशी येऊन बसला. तोंडात काहीतरी चघळत होता, खारीक असेल. मग शिकवल्याप्रमाणे त्याने मान वळवली. चित्राच्या उजव्या कडेपासून सुरुवात करून, हळूहळू, डावीकडे. लाल पट्टी अजून कागदाला तशीच होती. या वेळी नजर खरंच तिथपर्यंत गेली. मला ते दिसलं. त्याची नजर पट्टीवर थांबली आणि तिथून परत आली, आईच्या डावीकडच्या खांद्यावर, मग डावीकडच्या डोळ्यावर.

त्याचं चघळणं थांबलं.

"हे मी केलेलं नाही," तो म्हणाला.

"नाही."

"हे तिने केलंय."

"हो. तुला सांगितलं होतं आम्ही."

"सांगितलं होतं." त्याला आठवत होतं. त्याने डावीकडच्या डोळ्यावर बोट ठेवलं. "तिने भरलं त्याआधी इथे काय होतं?"

"काही नव्हतं."

"काहीच नव्हतं?"

"कागद होता."

"हिचं तोंड?"

"अर्धं होतं."

त्याने बाकीची चित्रं मागितली. मी देत नव्हते. "दे," तो म्हणाला. मी दिली. त्याने एकेक चित्र समोर घेतलं, प्रत्येक वेळी मान वळवून लाल पट्टीपर्यंत गेला, प्रत्येक वेळी परत आला. कुठे त्याचा हात संपतो ते मला सांगता येत नव्हतं, पण त्याला येत होतं. तो बोटाने कागदाच्या मधून खाली एक रेघ ओढत होता. पहिली तीन जोडपानं आली तेव्हा त्याने रेघ ओढली नाही. ती आधीची होती.

"मी पूर्ण करतोय असं मला वाटत होतं," तो म्हणाला.

"माहितीये मला."

"रोज वाटत होतं. आजारानंतर हात आणखी मोकळा झालाय, असंसुद्धा वाटलं होतं मला. तुला म्हणालो नाही." मग त्याने विचारलं, "तू रोज बघत होतीस?"

"हो."

"बाई आल्या होत्या त्यांनीही बघितलं."

"हो."

"आणि ती."

मी बटरपेपर सारखे केले. ती खोलीत बसलेली असताना तो काय बोलला होता, ते मी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही आणि पुढेही कधी सांगितलं नाही. त्याला बहुतेक आठवलं असावं. कारण तो एकदम म्हणाला, "तिचं धुकं चांगलं झालंय. ओल आहे त्यात."

मग त्याने नखाने त्या चित्राची लाल पट्टी काढायला सुरुवात केली. एका हाताने निघत नव्हती, कागद ओढला जात होता. मी मदतीला हात पुढे केला तर त्याने नको म्हणून मान हलवली. पट्टी निघाली. टेबलावर तिची गुंडाळी करून तो आत जाऊन पडला.

पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना हे सांगितलं. ते खरोखर आनंदले. "जाणीव आली म्हणजे फार मोठी मजल मारली त्यांनी," ते म्हणाले. "बऱ्याच रुग्णांना ती कधीच येत नाही." त्यांच्या दृष्टीने ते बरोबर होतं. मी हो म्हणाले.

त्यानंतर त्याने ब्रश हातात घेतला नाही. मी दोन-तीनदा कागद ताणून ठेवला. तो वाळून, ताठ होऊन तसाच राहायचा. एकदा मी म्हणाले, "आता तर तुला दिसतंय सगळं. सावकाश मान वळवून काढ."

"दिसतंय म्हणजे काय," तो म्हणाला. "तेव्हाही मला दिसतच होतं. तेव्हा माझी खात्रीच होती. आता मी काढलं आणि मला पूर्ण वाटलं, तर ते पूर्ण आहे हे मी कोणाला विचारू? तुला? प्रत्येक चित्राला?"

"विचार की."

"विद्यार्थ्याने असं विचारलं असतं तर मी त्याला सांगितलं असतं, अजून तुला चित्र येत नाही."

मी वाद घातला नाही. रडलेही नाही त्याच्यासमोर. शाळेत मधल्या सुट्टीत मी वर्गातच बसून राहायचे, बाकीच्या शिक्षिका समजून मला डब्याला हाक मारायच्या नाहीत.

पुस्तक जूनमध्ये निघालं. मुखपृष्ठावर चित्रकार म्हणून त्याचं आणि त्या विद्यार्थिनीचं, दोघांची नावं आहेत, तिने नको म्हटलं तरी त्यानेच फोन करून घालायला लावलं. छपाई चांगली झाली. मी माझ्या वर्गात ते वाचून दाखवलं. "धुकं वंगाळ हाय" या वाक्याला मुलं हसली, शेळी सापडल्यावर त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. एकाही मुलाला कुठे काही वेगळं वाटलं नाही. संपादक बाईंना इतर शाळांतूनही असंच कळलं. घरी आलेल्या प्रती मी कपाटात ठेवल्या. त्याने एक उघडून पाहिली असेल तर माझ्या माघारी. ब्रश मात्र त्याने सगळे त्या मुलीला दिले. मी तिला म्हणाले, नको घेऊ, अजून त्याचं मन बदलेल. ती म्हणाली, "मॅडम, मी नाही म्हणाले तर सरांना काय वाटेल?" आणि कापडात गुंडाळून घेऊन गेली. ती अजूनही येते. त्याच्या उजव्या बाजूला बसते. दोघं तिच्या ऑफिसविषयी बोलतात, फुलांच्या भावाविषयी बोलतात. चित्रांविषयी बोलत नाहीत.

या वर्षी मी नवीन गोष्ट लिहिली. दोन वर्षं काही सुचलं नव्हतं. कांदे साठवायच्या चाळीत राहणाऱ्या मांजरीची गोष्ट आहे, माझ्या माहेरी नामपूरला अशी एक होती. लिहून झाल्यावर मी कागद त्याच्यापुढे ठेवले आणि भाजी निवडायला बसले. त्याने चष्मा लावला. प्रत्येक ओळ डावीकडून सुरू होते की नाही, हे तो अजूनही बोट ठेवून तपासतो. पेन मागून घेतलं आणि दोन वाक्यं खोडली.

"का खोडलीस?" मी विचारलं.

"मांजर काळी आहे, तिच्या पायाला माती लागलीये, हे लिहायची गरज नाही. ते चित्रात दिसेल."

"कोणाच्या चित्रात?"

"जो काढेल त्याच्या," तो म्हणाला.

मी ती दोन वाक्यं काढून गोष्ट पुण्याला पाठवली. बाईंनी ती कोणा तरुण मुलाकडे दिली आहे, तो कॉम्प्युटरवर काढतो. त्याने पाठवलेली पहिली चित्रं मागच्या आठवड्यात फोनवर आली. चांगली आहेत. मांजरीचे पाय मातीचे आहेत. मी फोन त्याच्यासमोर धरला. त्याने मान सावकाश पूर्ण वळवून चित्र पाहिलं, फोन मला परत दिला आणि विचारलं, "आज जेवायला काय करतेस?"